तहसीलदार पणजोबांच्या शोधात: वसमत, जवळा बाजार आणि बाबा

एका शब्दावरून आमच्या घरातले दोन भाऊ बोलेनासे झाले, म्हणून मी हिंगोली जिल्ह्यात जाऊन आले.

झालं असं की आमच्या घराण्याचं संमेलन ठरलं आणि वंशावळ छापायची टूम निघाली. बाबांनी त्यांच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या नावापुढे लिहिलं, ‘गणपतराव, तहसीलदार, वसमत’. सुधाकाका, बाबांचे धाकटे भाऊ, छपाईचं काम बघत होते. त्यांनी ‘तहसीलदार’वर काट मारली. बाबांनी पुन्हा लिहिलं. काकांनी पुन्हा काट मारली आणि वर शेरा दिला, ‘फार तर गुमास्ते असतील.’ त्या शेऱ्यानंतर दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. “त्याला सांग, मी जिवंत आहे तोवर हे छापायचं नाही.” “त्याला सांग, मलाही काही घाई नाही.” दोघांचे फोन एकाच दिवशी, आणि मधे मी, नोकरी सांभाळून.

शेवटी मीच म्हटलं, “बाबा, चला. जाऊन बघूनच येऊ.”

पुण्याहून परभणीपर्यंत रेल्वेने आणि पुढे वसमतपर्यंत एसटीने, हा सगळ्यात सोपा मार्ग. बाबा पंचाहत्तरी ओलांडलेले असल्यामुळे त्यांना एसटी फुकट आणि मला बाई म्हणून अर्धं तिकीट. हे बाबांना फारच भावलं. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं, तर यांनी आधार, पॅन, मतदार कार्ड आणि पेन्शनचं पुस्तक असा सगळा संसार काढून त्याच्यापुढे मांडला.

“काका, येकच बास हाय,” कंडक्टर म्हणाला.

“बघून घ्या नीट. नंतर तक्रार नको,” बाबा म्हणाले. आमच्या बाबांना तक्रारींचा अनुभव दांडगा आहे, पण घेण्याचा नाही, करण्याचा. सोसायटीत पाण्याची टाकी, लिफ्टचा आवाज, पार्किंगमधली पांढरी रेघ, यातलं काहीही त्यांच्या अर्जातून सुटलेलं नाही.

वसमतला आम्ही हळदीच्या हंगामात पोहोचलो. बाजार समितीकडचा रस्ता नुसता पिवळा. माझ्या पांढऱ्या ओढणीचं तासाभरात हळदीकुंकू झालं, तेव्हा पांढरे कपडे आणू नका. लॉज साधाच मिळाला. गरम पाणी सकाळी, तेही बादलीने, पण चादरी स्वच्छ होत्या. स्टँडजवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. ठेचा जपून घ्या. बाबांनी जपला नाही. मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत, आणि प्रवासातला तो माझा सर्वांत शांत वेळ होता.

आता ज्यांना आपले पूर्वज शोधायचे आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. परदेशातल्या लोकांचे ब्लॉग वाचून माझी अशी समजूत झाली होती की पणजोबांचं नाव टाकायचं आणि जनगणनेचं जुनं पान समोर येणार. घर कोणतं, धंदा काय, घरात माणसं किती, सगळं. शहरातला पूर्वज असेल तर त्या काळच्या डिरेक्टरीत पत्तासुद्धा. आपल्याकडे जनगणनेत माणसाने सांगितलेली माहिती गुप्त राहते, हाती लागते ती फक्त गावाची बेरीज. माझे पणजोबा त्या बेरजेत कुठेतरी नक्की आहेत. आणि त्यांच्या गावाची डिरेक्टरी म्हणजे गावचा पार. राहिले जमिनीचे कागद. ते कचेरीत मिळतात, पण निजामाच्या काळातले उर्दूत.

कचेरीतल्या लिपिक ताईंनी मान वर न करता विचारलं, “जातीच्या प्रमाणपत्रासाठी ना?”

“नाही, पणजोबांसाठी,” मी म्हटलं.

“म्हणजे प्रमाणपत्रासाठीच की.”

“नाही हो. नुसतंच, पणजोबांसाठी.”

आता त्यांनी मान वर केली. मग पलीकडच्या टेबलाला हाक मारली, “अहो, इकडं बघा. हे लोक काहीच नको असताना आजोबा शोधून राहिले!” दोघंतिघं येऊन आम्हाला बघून गेले.

“माझे आजोबा इथेच तहसीलदार होते,” बाबांनी जाहीर केलं.

झालं. ताईंनी आम्हाला आदराने आत नेलं. भिंतीवर आजवरच्या अधिकाऱ्यांच्या नावांची पाटी होती. बाबांनी चष्मा पुसून ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. गणपतराव कुठेच नव्हते.

“पाटी स्वातंत्र्यानंतरची आहे,” ताई समजुतीने म्हणाल्या.

“तेच म्हणतो मी,” बाबा म्हणाले. ते तसं काहीच म्हणाले नव्हते.

गावाचं नाव देऊन अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या कागदाची नक्कल मिळाली. ती वाचायला ताईंनीच गफूर मास्तरांचा पत्ता दिला. मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, हसरे गृहस्थ. त्यांनी आधी चहा पाजला, मग कागद खिडकीच्या उजेडात धरला.

“गणपती वल्द नागोजी. म्हणजे नागोजीचे चिरंजीव. पेशा, काश्तकार.”

“काश्तकार म्हणजे?”

“शेतकरी, साहेब.”

“शेती होतीच. हुद्दा कशाला लिहितील जमिनीच्या कागदावर?” बाबा हटले नाहीत.

मास्तर पुढे वाचायला लागले आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. “शेऱ्यात लिहिलंय, आंब्याच्या झाडाबद्दल तंटा. साहेब, झाडाचा झगडा दिसतोय.”

“तहसीलदार म्हणून एखाद्या झाडाचा निवाडा केला असेल,” बाबा म्हणाले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही जवळा बाजारला गेलो. एसटीने तिथपर्यंत, आणि तिथून आमच्या मूळ गावाकडे जीप. नेमका आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी जीप भरपूर मिळतात, जागा मात्र मिळत नाही. बाबा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, गिअर दोन्ही पायांच्या मधे घेऊन बसले. मी मागे. माझ्या मांडीवर एका बाईंनी न विचारताच वांग्यांची पिशवी ठेवली आणि चौकशी सुरू केली.

“कोनाकडं चाललाव माय?”

“आमचं मूळ गाव आहे. पणजोबांचा शोध घ्यायला आलोय.”

“हरवले का?” त्यांनी काळजीने विचारलं.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथला एक तंटा अजून मिटलेला नाही. पारावर तीनचार म्हातारे बसले होते. बाबांनी नाव, आजोबांचं नाव, सगळं सांगितलं. कुणालाच उमगेना. मग बाबा खाकरून म्हणाले, “ते तहसीलदार होते.”

पार एकदम हलला.

“आरं, तहसीलदाराचे नातू व्हय तुमी! मंग आदी सांगायचं न्हाई का!” एक जण उठलाच. “रुस्तुमरावकडं न्या रे यांना. तहसीलदाराचं शेत त्याच्याकडंच हाय.”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की काका तिथे असते तर त्या नजरेने जागीच भस्म झाले असते. रुस्तुमरावांच्या घरापर्यंत ते छाती काढून चालले. वाटेत एका अनोळखी माणसाने नमस्कार केला, तर त्यांनी तो साहेबासारखा नुसती मान हलवून घेतला.

रुस्तुमराव बाबांच्याच वयाचे, उंच, पांढऱ्या टोपीचे. ओळख सांगितल्यावर त्यांनी बाबांना कडकडून मिठी मारली. त्यांच्या पत्नी कौसाबाई पाणी घेऊन आल्या. “तहसीलदाराचे नातू,” असं रुस्तुमरावांनी सांगताच त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“काई न्हाई माय. नाव ऐकलं की येतंच हसू.”

“तुमचे आजोबा आन माजे आजोबा,” रुस्तुमराव बाजेवर ऐसपैस बसत म्हणाले, “बांधाला बांध. बांधावर आंबा. झाड कोनाच्या हद्दीत, ह्याच्यावरून दोघांचं जुंपलं. तुमचे आजोबा अर्जावर अर्ज. आज झाडाचा, उद्या फांदीचा, परवा सावलीचा. सारखे वसमतला कचेरीत. गावानं म्हनायला सुरवात केली, ह्यो तहसीलदारापेक्षा जास्त कचेरीत असतो, ह्योच तहसीलदार! तेच नाव पडलं.”

मला हसू आवरेना. पण बाबांचा चेहरा पाहिला आणि आवरलं. आजोबा तहसीलदार होते, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं होतं. बँकेतल्या मित्रांना, आईच्या माहेरी, माझ्या लग्नाच्या बैठकीत. माझे आजोबा तरुणपणी गाव सोडून पुण्याला गेले, ते मुलांना एवढंच सांगत की, “माझ्या वडिलांना गावात सगळे तहसीलदार म्हणायचे.” ते खोटं बोलले नव्हते. ‘म्हणायचे’ हा त्यांचा शब्द. ‘होते’ हा आम्ही जोडला.

बाबा उठले आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. पाठमोरे. सगळ्या प्रवासात मी त्यांना पहिल्यांदाच म्हातारं झालेलं पाहिलं. मला वाटलं, कशाला आणलं मी यांना इथे? राहिला असता एक शब्द छापायचा, कुणाचं काय बिघडलं असतं?

“वाईट वाटलं का त्यांना?” रुस्तुमराव हळूच म्हणाले. “आवो, ऐका तरी पुढचं.” आणि मग मोठ्याने, बाबांच्या पाठीला ऐकू जाईल असं ते सांगू लागले.

कचेरीची तारीख दोघांची एकच आणि गाडीबैल एकाच्याच घरी, म्हणजे यांच्या. त्यामुळे दोघं वैरी एकाच बैलगाडीत बसून वसमतला जात. वाटेत ओढ्याला थांबून एकमेकांच्या भाकरी खात. कचेरीत उभे राहून एकमेकांना चोर म्हणत. आणि त्याच गाडीतून घरी येत. कित्येक वर्षं हे चाललं. मग गणपतराव आजारी पडले. तारखेला रुस्तुमरावांचे आजोबा एकटेच गेले. साहेब म्हणाले, समोरचा आलेला नाही, निकाल तुझ्या बाजूने देऊन टाकतो.

“तं आमचा आजा हात जोडून म्हनला, सायेब, तो बरा व्हईस्तोर निकाल देऊ नका.”

“काहून?” हे कौसाबाईंनी विचारलं. गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकलेली असणार, पण तो प्रश्न त्यांचाच होता.

“म्हनला, त्याच्याबिगर जिंकून काय करू? भांडायला दुसरं हाय कोन मला?”

गणपतराव बरे झाले नाहीत. ते गेल्यावर रुस्तुमरावांच्या आजोबांनी दावा सोडून दिला. पुढे माझ्या आजोबांनी जमीन विकली, ती यांच्याच घराने घेतली.

बाबा अजून पाठमोरेच होते. मग हळूच वळले. डोळे ओले होते. चष्मा काढला, पुसला, लावला. मला वाटलं आता काहीतरी खोल बोलणार.

“झाड कुठं होतं?” त्यांनी विचारलं.

आम्ही शेतावर गेलो. शेजारच्या वावरात हळद शिजत होती, तिचा उग्र वास सगळीकडे. आंबा कधीचाच वाऱ्यात पडला होता आणि बांध नांगरून सपाट झाला होता. दोन्ही बाजूंची जमीन आता रुस्तुमरावांचीच. तरीही ते एका जागी उभे राहून म्हणाले, “हितं होतं झाड. आमच्यात.”

बाबांनी उताराकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. “शक्य नाही. पाणी इकडून वाहतं, म्हणजे बांध तिकडे असणार. झाड आमच्यातच होतं.”

“तुमी परवा वसमतला उतरून राहिले आन मला बांध शिकवता?”

“मोजणी आणा!”

“आना की! कोन भेतंय?”

नसलेल्या झाडावरून, नसलेल्या बांधाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून दोन म्हातारे हातवारे करत होते. मी घाबरून कौसाबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “चल माय, धपाटे टाकू. यांना भूक लागली की येतेत.”

आले. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी, दोघांनी शेजारी बसून खाल्ली. जेवताना भांडण नाही. हात धुतल्यावर पुन्हा थोडं झालं. निघताना रुस्तुमरावांनी ओली हळद बांधून दिली आणि बजावलं, “पुन्हा या. न्हाई आले तं झाड आमचंच धरीन.”

परतीच्या रेल्वेत बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. मधेच म्हणाले, “सुधाला तू सांगू नकोस. मी सांगतो.”

पुण्याला पोहोचल्यावर अंघोळसुद्धा न करता त्यांनी काकांना फोन लावला. “तुझं बरोबर होतं,” ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कुणालाच उद्देशून कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. अर्ज, टोपणनाव, बैलगाडी, शेवटची तारीख.

मग काकांचा खोलीभर ऐकू येणारा आवाज आला, “पण दादा, झाड होतं कुणाच्या हद्दीत?”

“आपल्याच. पाण्याच्या उतारावरून मी सांगतो ना.”

“उतारावरून कसं ठरेल? विहीर कुठल्या अंगाला आहे?”

“विहिरीचा काय संबंध?”

“संबंध नाही कसा? तुला जमिनीतलं काय कळतं?”

“आणि तुला कळतं? तू तर गावही पाहिलेलं नाहीस!”

मला निरोप सांगायला कुणी बोलावलं नाही. मी आत जाऊन चहा टाकला. बाहेर आल्यावर बाबा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बांधाचा नकाशा काढत होते, फोन खांद्याने कानाशी दाबून, आणि ओरडत होते, “मग चल ना माझ्याबरोबर! तिथेच उभं राहून दाखवतो!”