कोटाचं भोक आणि थुंकीची नळी

धुळ्यात पाचकंदीलच्या मागच्या गल्लीत अय्युबभाई रफूगारांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहून बोलायचं. पण शालू उंदराने कुरतडलेला असो की सुटावर ठिणगी पडलेली असो, लोक इथेच येतात. अय्युबभाई कापड उलटं करतात, त्याच्याच आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढतात आणि भोकात असे विणतात की गिऱ्हाईक आपलं भोक शोधत बसतं. बाहेरचा धागा त्यांना चालत नाही. भाषा मात्र कुठलीही चालते. गिऱ्हाइकाशी अहिराणी, बँकेत मराठी, घरी आपली हिंदी, आणि तिन्ही भाषांत बडबड सारखीच.

एवढा बोलका माणूस एका विषयावर मात्र गप्प व्हायचा, आणि तो विषय म्हणजे डोळे. त्यांचे आजोबा म्हातारपणी आंधळे झाले. अब्बांना पन्नाशीच्या आसपास आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग समोरचं. धाकट्या चाचांचंही तसंच झालं. तिघेही रफूगार. त्यामुळे घरात निकाल लागून गेला होता की सुई डोळे खाते. स्वतः अय्युबभाई पन्नाशीला टेकले होते. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ते सुईत दोरा ओवून बघायचे आणि ओवला गेला की मगच चहा सांगायचे. हे गुपित आहे असा त्यांचा समज होता. गल्लीतल्या चहावाल्यालाही ते ठाऊक होतं.

मुलींना सुईला हात लावू द्यायचा नाही, हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. थोरली मिसबाह शिकून जळगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. धाकटी सबा कॉलेज संपवून घरी होती. तिला कशातच रस नव्हता, फक्त रफूत होता. दुपारचा डबा घेऊन यायची आणि बापाच्या हाताकडे टक लावून उभी राहायची. "डबा ठेव आणि जा," एवढंच तिच्या वाट्याला यायचं.

एका रविवारी मिसबाह जळगावहून आली ती नवीनच टूम घेऊन. नळीत थोडं थुंकायचं, नळी कुरिअरने पाठवायची, की माणसाची सगळीच्या सगळी जनुकं वाचून येतात. पूर्वी ही श्रीमंतांची कामं होती. आता कपडे धुण्याच्या मशीनच्या पैशात होतं म्हणे. महिनाअखेरपर्यंत आणखी सवलत.

"अब्बा, आजार सुईमुळे आहे की रक्तातून आलाय, ते कळेल कदाचित," ती म्हणाली. "कदाचित म्हणतेय हं. कधीकधी काहीच कळत नाही, कधी न विचारलेलंच कळतं."

"त्यापेक्षा मशीनच घ्या," जमीलाबी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. लग्नापासून त्या हाताने कपडे धूत होत्या. "निदान ते चादरी तरी धुवेल."

अय्युबभाई हसले, पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. दिसायला साधा असलेला तो प्रश्न भलताच वाकडा होता. रिपोर्टात सुईचा दोष निघाला, तर आपले डोळे जाणार, पण पोरी सुटल्या. रक्ताचा दोष निघाला, तर कदाचित पोरीही अडकल्या. आणि वर इतकी वर्षं सबाला दुकानाबाहेर ठेवलं ते फुकटच. आपलेच डोळे जावोत पण दोष सुईचा निघो, असं त्यांना मनापासून वाटायचं. मग नळीत थुंकून हा भरवसा घालवायचा तरी कशाला?

ते जो भेटेल त्याला विचारू लागले. शेजारचे पितांबर अण्णा कापडवाले स्पष्टच बोलले. "आते माले सांग, निंघनं रक्तमा काही, त तू काय करशी? रक्त बदली टाकशी का?" एवढं बोलून त्यांची नजर अय्युबभाईंच्या कोटावर गेली. अब्बांचा जुना लोकरी कोट. अय्युबभाई हिवाळाभर तोच घालायचे आणि खिशापाशी त्याला कसर लागली होती. "बठ्ठा गावना कपडा सांधस तू, आनि तुनाच कोटले भोक शे!"

"उद्या करतो," अय्युबभाई म्हणाले. गेल्या हिवाळ्यातही ते हेच म्हणाले होते.

महिना सरत आला तेव्हा दोंडाईच्याहून खैरून फुफीचा निरोप आला, तोंड दाखवून जा म्हणून. ही अब्बांची सख्खी बहीण. तिलाही कित्येक वर्षं दिसत नव्हतं, पण ते चुलीच्या धुराने, हे सगळ्यांना माहीत होतं. अय्युबभाई सबाला घेऊन एसटीने निघाले. सबाने निघताना स्वतःहून त्यांच्या अंगावर कोट चढवला.

फुफी अंगणात उन्हाला बसली होती. तिने सबाला जवळ ओढलं, चेहरा चाचपला, केस चाचपले आणि मग हात हातात घेतला. तिची बोटं सबाच्या बोटाच्या टोकावर थांबली. तिथे ती पुन्हा पुन्हा फिरली.

"अय्युब, ही सुई धरते."

"नाही फुफी. मी धरू देत नाही."

"तू देत नसशील. ही धरते. माझ्या बापाचं बोट असंच होतं."

सबाने मान खाली घातली. अय्युबभाईंचा चेहरा लाल झाला. "डोळे घालवायचेत तुला? आजोबांचे गेले, अब्बांचे, चाचांचे!"

"आणि माझे?" फुफीने विचारलं.

"तुझे धुराने गेले."

फुफी मोठ्याने हसली. "अरे बाबा, त्याच चुलीवर माझ्या दोन्ही जावांनी जन्म काढला. त्या अजून तांदळातले खडे निवडतात. आणि सुईचं म्हणशील तर मीही हिच्याएवढी असताना माझ्या अब्बांच्या, तुझ्या आजोबांच्या मागे लागले होते. शिकवा म्हणाले, रडले, जेवले नाही. नाही शिकवलं. अब्बा म्हणाले, डोळे जातील." तिने सबाचा हात सोडला नव्हता. "डोळे गेले ते गेलेच. हुन्नर तेवढा राहून गेला."

फुफी लहानपणापासून अय्युबभाईंच्या डोळ्यांसमोर होती आणि तिला त्यांनी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. पुरुषांचे डोळे सुईने, बाईचे धुराने, असं घरातल्या सगळ्यांनी वाटून टाकलं होतं. त्यांना फुफीची दया आली, स्वतःची लाज वाटली आणि सबाकडे बघायची भीती वाटली.

परतीच्या एसटीत मिसबाहचा मेसेज आला. सवलतीचा आज शेवटचा दिवस, भरू का पैसे? अय्युबभाईंनी मोबाइल सबापुढे धरला.

"सुई निर्दोष सुटली बेटा," ते म्हणाले. "आता हे रक्ताचंच. तुझ्यातही असेल, नसेल. तुला कळायला हवंय का?"

सबाने खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांवरची नजर वळवली. "हवंय. पण आज नको, अब्बा. माझी थुंकी कुठे जात नाही, पुढच्या वर्षीही देता येईल. तुमचे डोळे आज आहेत. आधी शिकवा."

"आणि मग कळलं की तुझेही..."

"तर शिकून झालेलं असेल."

मग ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, "मी एक केलंय. रागावू नका. कोट बघा."

अय्युबभाईंनी खिशाजवळ पाहिलं. भोक नव्हतं. त्यांनी कोट अंगातून काढला, खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. आतल्या शिवणीतून धागे ओढलेले दिसत होते, तेही जिथून ओढायला हवेत तिथूनच. पण वरच्या बाजूला रफूचा मागमूस लागेना. पोरीचा हात एवढा बसलाय, की आपल्यालाच दिसेनासं झालंय? धुळं येईपर्यंत ते त्या जागेवर नुसता अंगठा फिरवत राहिले.

स्टँडवर उतरताच त्यांनी मिसबाहला फोन केला. "त्या थुंकीच्या नळीचं राहू दे सध्या. आपण सगळे आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, मग ते सांगतील तसं करू. हो, मी येतो. म्हटलं ना, येतो." मग घरी न जाता ते तडक पाचकंदीलला गेले. पितांबर अण्णा दुकान आवरत होते. अय्युबभाईंनी कोट त्यांच्या गल्ल्यावर पसरला.

"अण्णा, भोक दाखवा."

अण्णांनी चष्मा पुसला, दुसरा दिवा लावला, कोटावर नाक टेकवलं आणि बराच वेळ शोधलं. "कोठे शे रे? माले त काहीच दिसत नही."

"तुम्हालाही नाही?"

"नही ना भो!"

अय्युबभाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच वेळी ते इतके मोठ्याने हसले की चहावाला बाहेर येऊन बघू लागला. अण्णा गोंधळून कोटाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होते. सबा पायरीवर उभी होती, रोज डबा घेऊन उभी राहायची तशीच. अय्युबभाईंनी आपल्या दुकानाचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि थोडं सरकून आपल्या शेजारी जागा केली.