तुळसाचं बोंड आणि गावकी

हिरकणीवाडीत तुळसाच्या टपरीवर बसणाऱ्याला आधी पाणी मिळायचं, मागोमाग टोमणा. गडाच्या रोपवेच्या रांगेतला कुणी शहरी 'मावशी, तिखट कमी' म्हणाला, की 'मग घरीच जेवायचंस' ऐकून घ्यायचा आणि तरी दुसरी भाकरी मागायचा. अशा बाईच्या उजव्या स्तनात सेहेचाळिसाव्या वर्षी कॅन्सरची गाठ निघाली.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सांगितलं. गाठ काखेकडं आहे. आतलं सगळं काढावं लागेल, पण वरची कातडी आणि बोंड राखता येईल, आतली जागा पाठीच्या मांसानं भरू. बोंडामागचा तुकडा ऑपरेशन चालू असतानाच तपासायचा. त्यात रोग दिसला तर तेही जाईल. राहिलं तरी स्पर्श कळेलच असं नाही.

"ठेवा," तुळसा म्हणाली.

तारीख मिळाली ती नेमकी शिमग्यातली. देवाची पालखी वाडीत घरोघर फिरत असताना घर बंद ठेवायचं तर गावकीला कारण सांगावं लागतं. तिचा नवरा रामा 'बायकोचं ऑपरेशन हाय' एवढंच म्हणाला असता तरी भागलं असतं. पण गावकीपुढं अर्धं बोलणं म्हणजे देवापुढं खोटं, असं त्याच्या डोक्यात. देवळातल्या सभेत त्यानं सगळं सांगितलं, बोंडासकट.

तुळसा देवळाच्या पायरीखाली, बायकांच्या जागी उभी होती.

"रामा, नातवंडं झाली की तुला," गावकीचा म्होरक्या, गडावरचा गाईड गोमाजी म्हणाला. "आता ते ठेवून कुणाला पाजायचंय?"

वर बसलेले बापये हसले. तुळसाशेजारी उभ्या असलेल्या तिच्या सासूनं, गोदूबाईनं, मान डोलावली. "खरंच बोलतोय. काढायचं तर मुळासकट. तण राखतं का कोण?"

"आत्या, तुमचा गुडघा बदलला तवा कोण म्हणालं का, म्हातारीला आता कुठं नाचायचंय?"

वर गोमाजी विचारत होता, "बोला, काढावं असंच सभेचं मत ना?" दोन-तीन हात वर झाले. तुळसा पायरी चढली.

"तुळसे, बायका वर येत नाय."

"माझी छाती आली ना वर. तिच्यामागनं मी आले."

ती गोमाजीकडं वळली.

"भावजी, लेकराला पाजायला कडा उतरलेल्या आईची गोष्ट तुमी रोज टुरिस्टांना सांगता. पोर मोठं झाल्यावर तिलापण काप म्हणाला असतात? मागं रोग असंल तर जाईल, नसंल तर राहील. डॉक्टरीण बघंल. तुमी कोण बघणारे?"

"गो, सभेनं नाय म्हटलं तर मी सही कशी करू?" रामा पुटपुटला.

"तुमची कोण मागतंय? सही माझी हाय."

तिनं ती केली. पालखी आली तेव्हा दाराला कुलूप होतं. तुकडा स्वच्छ निघाला. पट्ट्या सुटल्या तेव्हा बोंड जागेवर होतं, कडेनं काळपट, बधिर. आंघोळीत ती त्यावर हात ठेवायची. हाताला कळायचं, त्याला नाही.

पावसाळ्यानंतर टपरी पुन्हा उघडली. पहिल्याच रविवारी गोमाजी सहा टुरिस्ट घेऊन आला. तुळसानं सहा ताटं वाढली.

"आणि माझी भाकरी गो?"

"सभा बोलवा," तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली. "हात वर झाले तर वाढीन."