पैऱ्याच्या ड्रममधलं पाणी

"आधी वास घ्या भाऊ, मंग बोला," असं म्हणत काका बाटलीचं बूच काढून थेट नाकाखाली धरायचे. समोर मी असो, टपालवाला असो की नवा मॅनेजर. फिनाइलसारखा उग्र भपकारा यायचा, डोळे पाणवायचे, आणि काका समाधानानं मान डोलवायचे.

भिलाईतल्या डांबराच्या एका छोट्या कारखान्यात मी नवा केमिस्ट होतो आणि ते प्रयोगशाळेतले मदतनीस. मूळचे भंडाऱ्याकडचे. शिक्षण चौथी, पण कारखान्याच्या नाल्याशी त्यांची जुनी ओळख. बिनदुधाच्या चहासारखं ते पाणी, बाटलीत भरलेलंही तेच. एकदा नाल्यात अडकलेल्या सडक्या ओंडक्यावर त्यांना पांढरी बुरशी दिसली आणि तिथून झिरपणारं पाणी फिकं दिसलं. तुम्ही-आम्ही बघून पुढे गेलो असतो. काका तिथंच उकिडवे बसले, ते जेवणाची सुटी संपेपर्यंत.

मग त्यांनी पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, उकळून एका ड्रममध्ये दाबून भरला आणि त्यात ती बुरशी कालवली. काही दिवसांत सगळा पेंढा पांढऱ्या धाग्यांनी घट्ट बांधला गेला. वरून नाल्याचं पाणी थेंब थेंब सोडलं. खालच्या तोटीतून आलेल्या पाण्याला ना रंग होता, ना वास. मी चक्रावलो.

"बुरशी विष खाते काय, काका?"

"मले काय मालूम? तिले भूक आहे, एवढं दिसून राहिलं."

दोन वर्षं ते मॅनेजरच्या मागे लागले होते. शेवटी बडे साहेब पाहायला यायचं ठरलं. पसंत पडलं तर अशीच मोठी टाकी बांधणार होते. काकांच्या निवृत्तीला महिना उरला होता, म्हणजे संधी ही एकच.

त्या सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि ड्रमपाशी थबकले. पैऱ्यावर उगवलेल्या बुरशीच्या छत्र्या कुणीतरी खुडून नेल्या होत्या. झाडलोट करणारी बिसाहिन हसत म्हणाली, "फुटू रहिस ना! नोनी घर लेगे हे, साग रांधही."

छत्तीसगडात पैऱ्यावरचं फुटू, म्हणजे अळंबी, ही मेजवानीच. तिनं ते भाजीसाठी मुलीच्या हाती घरी धाडलं होतं. काकांचा चेहरा उतरला. "अवो, थे नाल्याचं पाणी पिऊन वाढलं!"

"मी जातो, तुम्ही थांबा," मी म्हणालो.

"तुमाले घर मालूम आहे का तिचं? साहेबाले तुम्ही दाखवा." आणि काका सायकलवर टांग मारून तिच्या रुआबांधा वस्तीकडे सुटले.

साहेब आले. मी तोटी सोडली. ग्लासात पाणी पडलं, नितळ. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, ड्रमकडे पाहिलं आणि मॅनेजरला म्हणाले, "ये तो नल का पानी है. और ये सड़ा पैरा हटवाओ."

नाल्याच्या पाण्याची बाटली माझ्या हातातच होती. बूच काढून त्यांच्या नाकाशी धरायची, एवढंच काम. माझा हात उठला नाही. साहेबाच्या नाकाशी बाटली कशी न्यायची? गाडी निघून गेली.

काका दुपारी परतले, घामानं निथळत. गमछ्यात फुटू बांधलेलं होतं. "कढई चुलीवर चढली होती भाऊ. पोरीनं तोंडात नाही घातलं." मग बाटलीकडे बघत हळूच विचारलं, "साहेबाले वास देला?"

मी मान खाली घातली. मला रडूच आलं. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या. लेकरू वाचलं, बेस झालं."

ड्रम भंगारात गेला. महिन्याभरानं काका गावी गेले आणि दोन वर्षांनी तिकडेच वारले. गावी जाताना माझ्या टेबलावर दोन बाटल्या ठेवून गेले होते, एक काळपट, एक नितळ.

त्या आता नेहरू नगरातल्या माझ्या घरी आहेत. कुणी आलं की मी काळपट बाटलीचं बूच काढतो आणि आधी त्याच्या नाकाशी नेतो. मग साहेब असला तरी.