परत आलेला नारळ

दातिवऱ्याचे आम्ही कोळी. पण मी होडी सोडून तेलाच्या जहाजावर खलाशी झालो, तेही नेमकं इराण-इराक युद्धाच्या काळात. निघताना आईने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ माझ्या ट्रंकेत कोंबला. "पुनवेला दर्याला दे. इसरू नको."

आखातात आमचं जहाज पुढे जायच्या परवानगीची वाट पाहत नांगर टाकून उभं होतं. पाण्यात सुरुंग सोडलेत अशी खबर होती. कप्तानाने चोवीस तास पहारा लावला होता आणि समुद्रात कांद्याची सालही टाकायला बंदी केली होती, कारण तरंगणारी प्रत्येक वस्तू सुरुंग समजली जाणार होती. जो टाकेल त्याच्या नोकरीच्या पुस्तकात वाईट शेरा, म्हणजे पुढे कुठलंच जहाज त्याला घेणार नाही.

नारळी पौर्णिमा आली. एकीकडे कप्तान, दुसरीकडे आई. अर्थातच मी आईला जास्त घाबरत होतो. आमच्या किनाऱ्यावर पुनवेची भरती दुपारी भरते, मग पाणी उतरतं, हे मला लहानपणापासून पाठ. जेवणानंतर मी जहाजाच्या मागच्या टोकाला गेलो, हात जोडले आणि नारळ सोडला. ओहोटी नेईल लांब, असा माझा हिशेब. आखाताचं पाणी दातिवऱ्याला विचारून चढत-उतरत नाही, हे काही या दर्यावर्दीच्या डोक्यात आलं नाही.

तासाभराने घंटा वाजली. काळं, गोल काहीतरी जहाजाकडे येत होतं. सोनेरी कागद केव्हाच सुटला होता. सगळे लाइफजॅकेटं चढवून बचाव-होड्यांपाशी धावले. आमचा स्वयंपाकी दोन मुलींची नावं घेत रडायला लागला. ते मात्र मला बघवेना.

"साहेब, तो माझा नारळ आहे," मी म्हणालो.

कप्तानाने बराच वेळ दुर्बीण लावून पाहिलं. तोवर शेंडी दिसायला लागली होती. "निकालो उसको पानी से," एवढंच तो म्हणाला.

शेरा त्याने दिला नाही, पण महिनाभर माझ्याकडून संडास धुऊन घेतले. ते रास्तच होतं.

घरी आल्यावर आईला सांगायची हिंमत होईना. दर्याने आपला नारळ घेतला नाही, हे कोळणीला सांगायचं कसं? शेवटी ती बोंबील भाजत असताना सांगून टाकलं. बोंबील उलटत ती म्हणाली, "नारल ठेवला नाय त्यानं, तुला पन ठेवला नाय. जेव आता."