बोटमिस्त्री

मोटारीच्या वायरिंगचं काम करणारे पुष्कळ होते, पण बोटमिस्त्री एकच. नाव पडलं ते त्याच्या तपासण्याच्या पद्धतीवरून. वायर वरून धडधाकट आणि आतलं तांबं तुटलेलं, हा या धंद्यातला सगळ्यात छळवादी बिघाड. मिस्त्री अशी वायर चिमटीत धरून हलकेच ओढत जायचा. तांबं सलग असेल तिथे वायर ताठ राहते, तुटलं असेल तिथे वरचं प्लास्टिक किंचित ताणलं जातं. तो म्हणायचा, "इथं काप," आणि बिघाड तिथंच निघायचा. बाकीचे सुई टोचून मीटर लावतात. त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडून सडतं. "वायरीला भोकं पाडणारा वायरमन नव्हे, डास," हे त्याचं वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

आता त्याच बोटांची गंमत ऐका. गंमत कसली डोंबलाची! गेले कित्येक महिने बोटांची टोकं बधिर झाली होती. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही गेल्या. साखरेचा आजार जुना, गोळ्यांचा कंटाळा त्याहून जुना. हल्ली सकाळी शटर वर करतानाच तो दमलेला असायचा. बोटं गेली म्हणजे आपणच गेलो, ही धास्ती त्याला दिवसभर पुरायची. पण कुणाला ताकास तूर लागू दिली असेल तर शपथ. झाकली मूठ सव्वा लाखाची!

बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि ती तर दिवसभर शेजारीच. गिऱ्हाइकं, स्पेअर पार्ट, गाडीला जोडायचा स्कॅनर, सगळं तीच सांभाळायची. तो चहाचा उकळता ग्लास बुडाशी धरायचा तेव्हा ती म्हणायची, "अहो, हात आहेत की सांडशी?" तो हसायचा, मग तीही हसायची.

त्या दिवशी औषधांच्या दुकानवाल्याची टर्बोची गाडी तिसऱ्यांदा परत आली. तक्रार तीच, चढावर दम सोडते. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि ती हवा किती तापली हे एक सेन्सर सांगतो. तो निरोप धड आला नाही की गाडीचा कॉम्प्युटर घाबरून टर्बोचा जोरच काढून घेतो. पहिल्या खेपेला मिस्त्रीने वायरी ओढून पाहिल्या आणि छातीठोकपणे सांगितलं, वायर ठणठणीत. म्हणून सेन्सर बदलला. दुसऱ्या खेपेला पुन्हा बदलला. आता काय, इंजिन बदलायचं?

"मिस्त्री, सेन्सर बसवता की पाहुणा? चार दिवस राहतो नि निघून जातो," औषधवाला म्हणाला. माणूस तसा भला. "आणि हो, हल्ली तुम्ही गोळ्या न्यायला येत नाही. दुसरं दुकान धरलंत का?"

"बघू, बघू," म्हणत मिस्त्रीने बॉनेटखाली डोकं खुपसलं. बायकोने मात्र स्कॅनरवरून मान वर केली.

गाडी चढावर फिरवून आणली होती, इंजिन चांगलं तापलं होतं. बायकोने आकडा वाचला. "उणे चाळीस. इंजिन फणफणलंय आणि हा म्हणतोय बर्फ पडलाय!"

उणे चाळीस म्हणजे निरोप पोचतच नाही. मिस्त्रीने सेन्सरचा प्लग काढला आणि प्लगची दोन्ही टोकं तारेच्या तुकड्याने जोडली. वायर सलग असती तर आकड्याने थेट वरच्या टोकाला उडी मारली असती. आकडा ढिम्म. वायरींचा जुडगा हलवल्यावर एकदा उडाला आणि पुन्हा खाली पडला. म्हणजे सेन्सर बिचारा निर्दोष. तुटली होती ती वायर, याच बोटांनी ठणठणीत ठरवलेली.

त्याने जुडग्यावर गुंडाळलेली टेप सोडली. एक वायर ओढत गेला, मग दुसरी. सगळीकडे सारखंच. पुन्हा पहिली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. हत्यारांच्या पेटीत मीटरची सुई होती. तिच्याकडे त्याने एकदा पाहिलं, आणि फार थकवा आला म्हणून डावा हात कुठेतरी टेकला.

"अहो, हात!" बायको किंचाळली.

हात टर्बोच्या तापलेल्या पाइपवर होता. तिने तो ओढून काढला. बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती, आणि मिस्त्री ती बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी बघत होता.

"भाजलं नाही तुम्हाला?" ती म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं. "तो चहाचा ग्लास… कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

"आणि मी सांडशी म्हणून दात काढत होते!" तिने त्याला नळाखाली नेलं, पाणी सोडलं आणि तोंडही सोडलं. "मला सांगायला काय जीभही बधिर झाली होती?" डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. औषधवाला रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

बराच वेळ पाणी वाहत होतं. मग मिस्त्री म्हणाला, "वायर तू ओढ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्या बोटांना कळेल. खेचू नको, नुसता ताण दे."

ती ओढत गेली. प्लगपासून वीतभर, दोन वीत. पत्र्याच्या पट्टीवरून जुडगा वळत होता तिथे ती थबकली. मागे येऊन पुन्हा ओढलं.

"इथं जरा ताणलं जातंय."

"इथं काप."

प्लास्टिक सोललं तर आत तांब्याची दोन टोकं, काळी पडलेली, एकमेकांपासून केसभर दूर. तिनेच जोडली. सेन्सरचा प्लग लावला, तसा स्क्रीनवर शहाण्यासारखा आकडा आला.

औषधवाला चढ चढून परतला तो खुशीत. "मिस्त्री, बोटं ती बोटं!"

"हिची," मिस्त्री म्हणाला. एवढा एकच शब्द, पण काढताना त्याला फार जड गेला.

"मग गोळ्या संध्याकाळी पाठवतो."

"आधी डॉक्टर," बायको म्हणाली. "उद्या शटर बंद."

औषधवाला गेल्यावर तिने चहा केला. एका हाताला फडकं बांधलेलं, मिस्त्रीने दुसरा पुढे केला. तिने ग्लास दिला नाही. आपल्याच बोटांनी तो चाचपला.

"थांबा," ती म्हणाली. "गरम आहे अजून."

मिस्त्री हात तसाच पुढे धरून थांबला.