जावईबापूंचं मशीन

माझ्या शेडमध्ये दोन गोष्टी किती झाडल्या तरी संपत नाहीत. एक लोखंडाचा चुरा आणि दुसरे किस्से. चुऱ्यावर चुंबक फिरवला तर तो गोळा तरी होतो. किस्से मात्र कुणाला सांगितल्याशिवाय हलत नाहीत!

मी पेडगावचा. सेलूला एका कापसाच्या जिनिंगमध्ये उभी हयात वेल्डिंग मारलं, रिटायर झालो आणि घरामागं पत्र्याचं शेड टाकून बसलो. गाव मला मिस्त्री म्हणतं. येणाऱ्या-जाणाऱ्याचा प्रश्न एकच, "मिस्त्री, आता खांद्याला अडकवायची मशीनं निघाली. तुमी हे जुनं धूड कशाला सांभाळायलात?"

आता ह्याला एका वाक्यात काय सांगावं? बसा. चहा येईपर्यंत ऐका.

*

हे धूड म्हणजे ऑईलचं वेल्डिंग मशीन. लोखंडाची टाकी, आत तांब्याची कॉईल आणि काठोकाठ तेल. बास! आत दुसरं काही नाहीच तर बिघडणार काय? जिनिंगवाल्यांनी ते मोडीत काढलं तेव्हा मी मागून घेतलं. ट्रॅक्टरमधून उतरवायला आठ माणसं लागली. आमची मंडळी, म्हणजे कमल, दारात उभी राहून बघत होती.

"काय आणलंत हे?"

"मशीन."

"मला वाटलं म्हस आणली. एवढी जागा अडवायली, तर दूध किती देती?"

आठही माणसं खो खो हसली. मी ते डोक्यात ठेवलं. पुढं थंडीत घरात दही लागेना म्हणून कमल बेजार झाली. आता दिवसभर काम झालं की ह्या मशीनचं डोकं बराच वेळ कोमट राहतं. मी विरजणाचं पातेलं फडक्यात गुंडाळलं आणि वर नेऊन ठेवलं. दही असं लागलं की सुरीनं कापावं! शेजारच्या आप्पांनी वाटीभर खाल्लं, मिशी पुसली आणि म्हणाले, "वैनी, दूध न्हाई देत, पर दही बाकी झकास देती!"

*

ह्या आप्पांचं आमच्या भिंतीला लागून किराणा दुकान. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि जिभेला धार. मी इकडं रॉड टेकवला की तिकडं त्यांच्या पंख्याची पाती मोजून घ्यावीत, इतका तो हळू होतो. मला मनातून लाजच वाटायची. एकदा ते दुपारचेच शेडमध्ये आले. म्हटलं, आज भांडण!

मीच आधी बोललो, "आप्पा, चुकलंच. उद्यापासून दुपारी मशीन लावत न्हाई."

"अवो मिस्त्री, असं करू नका!" आप्पा घाबरूनच गेले. "चार रिकामटेकडे माझ्या पंख्याखाली येऊन बसतेत. घेत काही न्हाईत, उठत बी न्हाईत. तुमचं मशीन लागलं की घामाघूम होऊन पळतेत. रोज दोनच्या ठोक्याला मारत जा!"

तेव्हापासून काम नसलं तरी मी दोन वाजता एखादा रॉड जाळतो.

*

आता खरी भानगड इथून सुरू झाली. आमची लेक सुनीता जिंतूरला दिली आहे. जावईबापू कॉलेजात नोकरीला. स्वभावानं सोनं! गेल्या संक्रांतीला आले ते खांद्याला एक पेटी अडकवून. मला वाटलं कपड्याची बॅग. उघडली तर आत नवं कोरं वेल्डिंग मशीन!

"मामा, तुमची कंबर दुखते, सुनीता सांगायली होती. हे चार किलोचं आहे. आता ते धूड सरकवायचं नाही. ते मोडीत देऊन टाका."

सासऱ्यानं जावयाला द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. मी संकोचानं मेलो. पण पोरगं आपल्या कंबरेची फिकीर करतंय हे बघून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? स्वयंपाकघरात कमलनं मला बजावलं, "जावयानं हौसेनं आणलंय. मशीनला एक शब्द नाव ठेवायचं न्हाई. जावयाचं मन मोडलेलं मला चालणार न्हाई, सांगून ठेवते!"

पहिलं काम सखारामचं. सखाराम शेळ्या-मेंढ्या राखतो. त्याचा शेळ्यांना पाणी पाजायचा पत्र्याचा हौद फुटला होता. पातळ पत्रा म्हणजे माझ्या धुडाचं काम नव्हे. मागं एकदा मारायला गेलो तर भोकाजागी खिडकी पडली होती! नव्या मशीननं मात्र शिवल्यासारखं बारीक वेल्डिंग आलं. सखारामनं पाणी भरलं, खाली वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"मिस्त्री, एक थेंब न्हाई! इतके दिवस हे मशीन कुठं होतं?"

"दुकानात," मी म्हणालो. मला राग आला होता, पण खरं होतं ते. पातळ पत्रा असो की टाकीवर चढून करायचं काम असो, तिथं नव्या मशीनला तोड नाही.

*

मग आला उसाच्या ट्रॉलीचा हूक. जाडजूड लोखंड, त्यात अंगठ्याएवढी भेग. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू, व्होल्टेज पार तळाला गेलेलं. नवं मशीन लावलं. दोन ठिणग्या पडल्या आणि पिवळा दिवा लागून ते बंद पडलं. परत लावलं, परत पिवळा दिवा. ट्रॅक्टरवाला घड्याळ बघायला लागला.

मी धुडाची केबल ओढली, पिन जास्त करंटच्या वरच्या भोकात घातली आणि रॉड टेकवला. आवाज म्हशीसारखाच करतं, पण काम सोडत नाही! तास-दीड तासात ट्रॉली रस्त्याला लागली.

तेवढ्यात जावईबापूंचा फोन. "मामा, काय चाललंय?"

"ट्रॉलीचा हूक मारला."

"एवढं जाड काम? कशानं मारलं?"

कमल चहाचा कप घेऊन समोर उभी. नुसते डोळे वटारले तिनं. मी म्हणालो, "तुमच्याच मशीननं, जावईबापू! लोण्यासारखं चाललं बघा!"

पलीकडं पोरगं इतकं खूश झालं की फोन ठेवेना.

*

एकदा असं बोललं की थांबता येत नाही. नांगराचा फाळ? तुमच्याच मशीननं. गेटचा खांब? तुमच्याच मशीननं! जावईबापूंनी जिंतूरभर गाजावाजा केला. उन्हाळ्यात त्यांचे एक मित्र पेरणी यंत्राची तुटलेली दांडी घेऊन थेट पेडगावला हजर. म्हणे, "सरांनी सांगितलंय, ते मशीन मला डोळ्यानं बघायचंय."

ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. नवं मशीन आधीच तापून बंद पडलेलं. आप्पांनी प्रसंग ओळखला. पाव्हण्यांचा हात धरला आणि दुकानात नेलं. "आधी सरबत घ्या. ठिणग्या डोळ्याला लय वाईट. काम झालं की बघा."

पाव्हणे पंख्याखाली बसले. मी इकडं धूड सुरू केलं. पंखा थांबायच्या बेतात आला. पाव्हण्यांनी वर बघितलं.

"आप्पा, हे काय झालं?"

आप्पा खोटं बोलायला जरा कचरतात. म्हणाले, "मिस्त्रींनी मशीन लावलं की असं होतं."

पाव्हणे उठून उभेच राहिले. "चार किलोचं मशीन, आन् अख्ख्या गल्लीचे पंखे थांबवतं? बाप रे, काय ताकद हाय!"

परत जाताना त्यांनी तसलंच एक मशीन विकत घेतलं, असं नंतर कळलं. मी चार दिवस फोन वाजला की दचकत होतो.

*

खांडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. सुनीता आणि जावईबापू आलेले. कमलनं नवं मशीन पाटावर ठेवलं, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. धुडावर मी आदल्या दिवशीच गोणपाट टाकून ठेवलं होतं, उगाच विषय नको म्हणून. आरती झाली. जावईबापूंनी कोपऱ्यात बघितलं.

"मामा, ते तर आता झाकूनच ठेवलंत. दिवाळी झाली की मी गाडी घेऊन येतो. मोडीत देऊन टाकू. मामींना तिथं पिठाची गिरणी टाकता येईल."

वर्षभर आम्हीच तर सांगत होतो, सगळं तुमच्या मशीननं होतंय! आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी कमलकडं, कमलनं ताटातल्या निरांजनाकडं. मी म्हणालो, "या की. घेऊन या गाडी."

त्या दिवशी पुरणपोळी मी ताटात तशीच ठेवली. घराचं दार त्या मशीनवर झालं. सुनीताच्या लग्नात दिलेलं कपाट त्याच मशीनवर झालं. गाववाल्यांचे नांगर किती जोडले त्याची गणती नाही. इतकी वर्षं ज्यानं एकदा दगा दिला नाही, त्याला मी स्वतःच्या तोंडानं गाडीत घालायला निघालो होतो. मला स्वतःचाच संताप आला.

लेक-जावई गेल्यावर कमलला म्हणालो, "खरं सांगून टाकू का फोन करून?"

"आता सांगितलं तर वर्षभर खोटं बोललो हे बी सांगावं लागंल," ती म्हणाली. "त्यांना काय वाटंल?" मग तिनंच गोणपाट काढलं आणि धुडाला हळदकुंकू वाहिलं. तिचेही डोळे भरले होते.

*

दिवाळी झाली आणि जावईबापू खरंच गाडी घेऊन आले. सोबत सहा मजूर आणि ड्रायव्हर. गाडीचा मागचा फाळका खाली पाडला, त्यावर फळ्या टाकल्या आणि धूड वर ढकललं. सखाराम मदतीला आला होता, पण त्याचा हात चालत नव्हता. आप्पा दुकान सोडून येऊन उभे. मी दोर धरला होता, पण ओढत नव्हतो.

मशीन गाडीत बसलं आणि खाड्कन आवाज झाला. वजनानं फाळक्याचं जाड बिजागर तुटलं! फाळका एका अंगाला लोंबकळायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "फाळका लागल्याबिगर एवढं वजन घेऊन मी गाडी हलवणार न्हाई."

"त्यात काय?" जावईबापूंनी हातातलं घड्याळ काढून कमलकडं दिलं. "मोबाईलवर बघून बघून शिकलोय मी. मामा, तुम्ही बसा. आज मी मारतो."

वेल्डिंगच्या करंटनं गाडीचं वायरिंग जळू नये म्हणून ड्रायव्हरनं बॅटरीची वायर सोडवली. जावईबापूंनी नवं मशीन आणलं, तोंडापुढं काच धरली, रॉड टेकवला. हरभऱ्याला पाणी चालू होतं, शिवारात मोटारींचा नुसता घुमघुमाट. एक ठिणगी. पिवळा दिवा. त्यांनी बटण बंद करून परत चालू केलं. परत पिवळा दिवा. वायर बदलली, प्लग हलवला. पिवळा दिवा!

आम्ही सगळे जमिनीकडं बघत उभे. आप्पांना तर अचानक खोकलाच लागला. पाच-सात वेळा झाल्यावर जावईबापू उकिडवे बसून त्या दिव्याकडं बघत राहिले. पोराची मान खाली गेलेली मला बघवेना.

मग ते उठले. गाडीत चढले, धुडाची केबल सोडवली आणि माझ्या हातात दिली. "मामा, बोर्डाला लावा. बिजागर तुम्ही मारा."

मी मारलं. खाली वाकलो तेव्हा कंबरेत कळ आली, पण हात हलला नाही. वरची खपली हातोडीनं पाडली तर खालून असा साफ जोड निघाला की ड्रायव्हर नुसता बघतच राहिला. जावईबापूंनी फाळका दोनदा उघडला, दोनदा लावला. कमलनं चहा आणला. त्यांनी घोटभर घेतला.

"मामा, तो उसाच्या ट्रॉलीचा हूक."

"हां."

"तो कशानं मारला होता?"

मी कमलकडं बघितलं. तिनं घड्याळ पदरात घट्ट धरलं होतं.

"तुमच्याच मशीननं, जावईबापू."

"आणि नांगर? गेट? माझ्या मित्राची ती दांडी?"

"सगळं तुमच्याच मशीननं."

जावईबापूंनी कप खाली ठेवला. गाडीत चढले आणि धुडाच्या गरम टाकीवर तळहात टेकवला. मग दस्तीनं तोंड पुसलं आणि मजुरांना हाक मारली, "या रे इकडं. शिस्तीत उतरवा खाली. माझं मशीन आहे ते!"