टकटकताई आणि शिंपिणीचा अंगठा

आमच्या टकटकताईंना हे नाव यंत्रावरून पडलं. डोक्यावर चुंबकाचं कडं धरायचं, ते टक् वाजलं की मेंदूतल्या त्या जागेला हलका धक्का बसतो आणि जागा अंगठ्याची असेल तर अंगठा उडतो. कुठून कुठून उडतो ते टिपलं की नकाशा तयार. तो बघून सर्जन सुरी चालवतात. बावीस वर्षं ताई कडं धरायच्या आणि मी शेजारी बसून पडद्यावरचे आकडे बघायचो.

नियम मोठ्या डॉक्टरांचा. डोक्यावर चौकटी आखायच्या, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, प्रत्येकीत पाच ठोके. दोन तास. निम्म्या चौकटींतून काहीच हलत नसे, तरी ठोके द्यायचेच. ताईंचा नुसता जळफळाट व्हायचा. कानातलं हरवलं तर कोणी फाटकापासून घर झाडायला घेतं का, असं त्या विचारायच्या. दरवर्षी त्या बदल सुचवायच्या आणि दरवर्षी डॉक्टर त्यांना अंगठा दाखवायचे.

मग ती शिंपीण आली. मेंदूत अंगठ्याच्या जागेला खेटूनच गाठ. दोनदा नकाशा फसला. तासाभरात तिची मान अवघडायची, हात आखडायचा आणि आकडे वाटेल तसे यायचे. नकाशाशिवाय सर्जनबाई गाठीला हात लावेनात, आणि गाठ वाढत होती. अंगठा गेला तर कात्री गेली, एवढंच ती म्हणायची.

ताई तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. "अंगठा सगळ्यात जोरात उडतो तिथून सुरू करते आणि बाहेर सरकते. उडायचा थांबला की तिथेच थांबते. आधी तुमच्या डोक्यावर बघू."

शिंपिणीचे दोन फसलेले नकाशे समोरच पडले होते; ते बाजूला सारून डॉक्टर खुर्चीत बसले. जुन्या पद्धतीने दोन तास, नव्या पद्धतीने पंचवीस मिनिटं. नकाशे एकावर एक ठेवले तर कडेला कड जुळली. मग विभागातली आणखी आठ डोकी झाली, त्यात माझंही. सगळे जुळले. डॉक्टरांनी स्वतः आपला नियम खोडला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पेन खाली पाडलं.

शिंपिणीचा नकाशा तेवीस मिनिटांत झाला. झालंसुद्धा, असं तिने दोनदा विचारलं.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. ताई दारातच थबकल्या. शिंपिणीने खाटेवरून हात उचलला, अंगठा ताठ केला आणि वाकवून दाखवला.

बावीस वर्षं सगळ्यांनी ताईंना अंगठाच दाखवला होता. असा कोणी दाखवला नव्हता. ताईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचनात.